खेळण्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात?

आमच्या धुळ्याकडे हॉलमधला शोकेस हा घरातला सगळ्यात स्वच्छ कोपरा असतो. सरकत्या काचांच्या आड वरच्या फळीवर लग्नात आलेला ताजमहाल, मधल्या फळीवर ट्रॉफ्या आणि खालच्या फळीवर खेळणी. मामाने मुंबईहून आणलेली रिमोटची गाडी, सुरतच्या आत्याने दिलेली डोळे मिटणारी बाहुली, कुणाच्या तरी वाढदिवसाला आलेलं हेलिकॉप्टर. किल्ली आईच्या जुडग्यात. पाहुणे आले की काच सरकते, गाडी हॉलमध्ये एक चक्कर मारते, पाहुणे 'अरे वा' म्हणतात आणि गाडी परत आत जाते. ज्याची गाडी तो पोरगा तोवर पाहुण्यांच्या चपला ओळीने लावून त्यांची एसटी करून बसलेला असतो.

या शोकेसवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. तो राग मी शाळेतून घरी आणलाय.

नोकरी सगळी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये झाली. शाळेत सामानाची दोन रजिस्टरं असतात. जडवस्तूंचं एक आणि उपभोग्य वस्तूंचं दुसरं. टेबल, खुर्ची, कपाट, घंटा, नकाशा या जडवस्तू. त्यांना नंबर पडतो, बदली झाली की चार्ज देताना एकेक मोजून दाखवावी लागते, मोडली तर निर्लेखनाचा, म्हणजे यादीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव करून वरून मंजुरी आणावी लागते आणि हरवली तर खिशातून भरावी लागते. खडू, शाई, खराटा यांचं तसं नाही. खडू झिजला, संपला, पुढचा खोका उघडला. खडू जपून ठेवलाय म्हणून कुठल्या मास्तरांचं कौतुक झाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

एका शाळेत पहिलीच्या वर्गासाठी खेळण्यांची पत्र्याची पेटी आली. लाकडी ठोकळे, ओवायचे मणी, प्लास्टिकची फळं, हातात घालून नाचवायच्या बाहुल्या. मुख्याध्यापकांनी ती पेटी जडवस्तूंत चढवली आणि तिथेच तिचं नशीब ठरलं. कुलूप लागलं, पेटी ऑफिसातल्या कपाटामागे गेली. तपासणीला साहेब येणार असले की बाहेर यायची, पोरं गोल बसायची, फोटो निघायचा. साहेबांची जीप फाट्याला लागायच्या आत ठोकळे मोजून परत आत. "मॅडम, एक ठोकळा कमी भरला तर मी कुठून आणून देऊ?" असं सर मला विचारायचे, आणि त्या माणसाचं काही चुकत होतं असंही नाही. रजिस्टरच तसं होतं. पुढे कधीतरी पेटी उघडली तेव्हा बाहुल्यांचे कपडे उंदरांनी नेले होते. ठोकळे मात्र नंबरासकट पुरेपूर. रंगसुद्धा उडाला नव्हता.

तेव्हापासून मी म्हणत आले आहे की खेळणी खडूच्या रजिस्टरात चढवायला हवीत. घरात खेळणी कुठे ठेवायची, हा प्रश्न सूनबाई मोबाइलवर फोटो दाखवून विचारते तेव्हा माझ्या डोक्यात हीच दोन रजिस्टरं उघडतात. वस्तू जपायची आहे की वापरायची, हे आधी ठरू दे. कपाट, खोका, फळी हे सगळं त्याच्या मागून येतं.

त्या फोटोंमधल्या खोल्या फार सुंदर असतात. पांढऱ्या भिंती, एका मापाच्या वेताच्या टोपल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी, ठोकळे रंगावार लावलेले. पण त्या खोलीत पोरगं राहतंय असं कुठे दिसत नाही. शिवाय आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, दुपारी खिडकी उघडली की झळांबरोबर धूळ आत येते आणि संध्याकाळी टोपलीच्या प्रत्येक वेतावर धुळीची रेघ असते. ती टोपली पुसायची कुणी?

आमच्या घरात टिकलाय तो भाजीबाजारातला क्रेट. रावेर-यावलकडची केळी आणि आमच्या बाजारातले टोमॅटो ज्या जाळीदार प्लास्टिकच्या क्रेटमधून फिरतात, तोच. दिसायला ओबडधोबड आहे, हॉलमध्ये शोभत नाही, सूनबाईला तो अजून आवडत नाही. पण चारी बाजूंनी जाळी असल्यामुळे आत काय आहे ते मुलाला उपसल्याशिवाय दिसतं. उपसावं लागलं नाही की पसारा निम्मा कमी. धूळ खालून गळून जाते, अंगणात नळी मारली की क्रेट धुतला जातो, एकावर एक बसतो आणि दोन वर्षांचं पोर आत बसलं तर होडीही होतो. मुख्य म्हणजे झाकण नाही. लोखंडी पेटीचं झाकण लहान बोटांवर कसं पडतं हे मी पाहिलं आहे, त्यामुळे मुलांच्या हाताशी झाकणाची पेटी नको हा माझा हट्टच आहे.

क्रेटला एकच खोट. ठोकळे जाळीतून गळतात. त्यासाठी आमच्याकडे गाठोडं आहे.

हे गाठोडं जरा नीट सांगते, कारण एवढ्या वर्षांत यापेक्षा चांगली सोय मला सापडलेली नाही. जुनं सुती लुगडं घेतलं, मधून दुमडून दुपदरी केलं आणि ताटलीसारखं गोल कापलं. व्यास एवढा, की मूल मध्ये बसलं तरी भोवती ठोकळे मांडायला जागा उरावी. कडेला अंगठा जाईल एवढी नेफ्यासारखी पट्टी शिवली आणि तिच्यात परकराची नाडी ओवली. उघडलं की जमिनीवर चटईसारखं पसरतं, ठोकळे मधोमध. खेळ संपला की नाडीची दोन्ही टोकं ओढायची, कडा उचलतात, ठोकळे आपोआप मध्यभागी घरंगळतात आणि बोचकं तयार. खुंटीला अडकवायचं. नातवालाही नाडी ओढता येते, आणि त्याला ओढायची असतेच, कारण ठोकळे आत घसरताना आवाज छान येतो. आवराआवर हाच त्याला खेळ वाटतो. जळगावच्या प्लास्टिकच्या चटईवर मी हे आधी करून पाहिलं होतं. चटई गाड्या पळवायला झकास, पण गोळा करताना ती मध्येच ताठ उभी राहते आणि ठोकळे सोफ्याखाली. सुती कापडच हवं, तेही धुऊन धुऊन मऊ झालेलं.

ठोकळ्यांविषयी एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती माझ्या खडूच्या सिद्धान्ताच्या आड येते. लेगो कंपनीने १९५८ साली ज्या जोडणीचं पेटंट घेतलं, त्या जोडणीचा तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो. अशी वस्तू झिजत नाही, दोन पिढ्या खेळल्या तरी उरते. ती जपायलाच हवी. पण आपल्याकडे बहुतेक घरांत असतात ते बाजारातले साधे सेट, आणि या कंपनीचा ठोकळा त्या कंपनीच्या ठोकळ्यावर बसेलच असं नाही. दोन सेट एकत्र झाले की मुलाचा मनोरा दर चौथ्या मजल्याला कोसळतो आणि आपण म्हणतो, याला धीरच नाही. म्हणून प्रत्येक सेटचं गाठोडं वेगळं, वेगळ्या लुगड्याचं. हिरवं आजीचं, जांभळं मावशीचं.

आता उंची. १९०७ साली मारिया माँटेसरीने रोममधल्या सॅन लोरेन्झो वस्तीत पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं. सामान मुलाच्या हाताशी, उघड्या ठेंगण्या फळ्यांवर ठेवायचं, मुलाने ते स्वतः घ्यायचं आणि स्वतः जागेवर ठेवायचं, ही तिथली रीत. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी ही पद्धत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करताना अनुभवली आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं तेव्हा तिला आपल्या मातीचं केलं. महागडं सामान खेड्यात कुठून आणणार? मग शंख, शिंपले, बिया, पानं, काड्या. पोरं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात. आज सरकारी योजनेत दिसणारा अंगणवाडी हा शब्द त्यांच्या कामातून आला. डी.एड.ला हे सगळं आम्ही पाठ करून लिहिलं, मार्क मिळवले आणि नोकरीला लागल्यावर पेटीला कुलूप लावलेलं पाहिलं.

घरात उंचीचा हिशेब सोपा आहे. मूल उभं राहून जिथपर्यंत हात घालू शकतं तिथपर्यंत त्याची खेळणी. त्याच्या वर काही आवडीचं ठेवलं तर ते चढणार. आधी खुर्चीवर, मग फळीवर. त्यामुळे उंच रॅक घेतलाच तर तो भिंतीला क्लॅम्पने पक्का बांधा आणि जड वस्तू तळाला ठेवा. आमच्या घरात उंचावर मुद्दाम ठेवलेली एकच वस्तू आहे, श्रीखंडाचा डबा. त्यात नातीचे मणी, टिकल्या, बाहुलीचे बूट. ती सात वर्षांची, नातू दोन वर्षांचा. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक लहानसं नळकांडं वापरतात. त्यात जो तुकडा मावतो तो घशात अडकू शकतो. हे माप साधारण आपल्या दोन बोटांएवढं. ताईच्या खेळण्यांतला निम्मा माल त्यात मावतो. म्हणून तो डबा ओट्यावरच्या फळीवर, घट्ट झाकणाचा, आणि तिने मागितला की टेबलावर बसूनच खेळायचं, जमिनीवर नाही.

बटण सेलचं तर नाव काढलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. गाणी म्हणणारी पुस्तकं, लुकलुकणारे बूट, यात्रेतला दिव्याचा भोवरा, सगळ्यांत तो चपटा सेल असतो. तो गिळला गेला तर अन्ननलिका आतून भाजायला दोन तास पुरतात, त्यामुळे शंका आली तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. दुकानातल्या खोक्यावर ती दिसते. एकवीरादेवीच्या चैत्रातल्या यात्रेत घेतलेल्या भोवऱ्यावर मला ती काही दिसली नाही. यात्रेतून काही घ्यायचंच नाही असं मी म्हणणार नाही, त्याशिवाय यात्रा कसली. पण भिंगरी घ्या, पिपाणी घ्या, टिकटिक करत चालणारी गाडी घ्या. पिपाणीला तर जागाही लागत नाही. घरी येईपर्यंत ती कुणीतरी दडवलेली असते.

वर्गवारीचा धडा मला नातीने दिला. सूनबाईने एका रविवारी सगळं उपसून शिस्तीत लावलं. गाड्या एका क्रेटमध्ये, भांडीकुंडी दुसऱ्यात, बाहुल्या तिसऱ्यात. फार छान दिसत होतं. नात शाळेतून नाही, क्लासहून आली, तिने पाहिलं आणि भोकाड पसरलं, "माझं दुकान कुणी मोडलं?" दुकान म्हणजे एक खोका होता. त्यात दोन झाकणं दोऱ्याने टांगून केलेला तराजू, मापाला चिंचोके, बंद पडलेला कॅल्क्युलेटर, एसटीची जुनी तिकिटं नोटा म्हणून, भातुकलीतल्या दोन वाट्या आणि एका बाहुलीचा तुटलेला पाय. तो पाय म्हणजे दुधी भोपळा होता, दहा रुपयाला एक. सूनबाईच्या हिशेबात हा कचरा होता, निदान पाच वेगवेगळ्या क्रेटांत विभागला जाणारा माल होता. तिकिटं तर केराच्या टोपलीत गेली होती. मोठी माणसं खेळणी जातीवार लावतात, मुलं खेळावार लावतात. दुकानाचा खोका, दवाखान्याचा खोका, लग्नाचा खोका. आता आमच्याकडे चिठ्ठ्याही नातीने लिहिल्यात. एका क्रेटवर नुसतं 'पूर' असं लिहिलं आहे. आत मगर, बादली, दोन म्हशी आणि एक अॅम्ब्युलन्स आहे. पांझरेला पाणी आलं की पुलावर बघायला गेलो होतो, तिथून हे आलं असावं.

संख्येचं म्हणाल तर अमेरिकेत टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांची ३६ मुलं, एकदा समोर चार खेळणी, एकदा सोळा. चार होती तेव्हा मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि जास्त तऱ्हांनी खेळली. वर्गात हे मी रोज पाहायचे, तरी कुणी मोजून दाखवलं की बरं वाटतं. म्हणून घरात सगळी खेळणी एका वेळी खाली नसतात. काही क्रेट माळ्यावर, काही खाली, महिन्यातून कधीतरी अदलाबदल. माळ्यावरून उतरलेल्या गाडीचं स्वागत नव्या गाडीसारखं होतं, आणि पैसे शून्य.

पण खान्देशातला माळा म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. वर स्लॅब, मध्ये हात-दीड हात जागा. मऊ रबराची खेळणी तिथे चिकट होतात आणि एकमेकांना डसतात, सेल फुटून आतल्या पट्ट्या हिरव्या-पांढऱ्या होतात, चिकटवलेले डोळे गळून पडतात. माळ्यावर जाणाऱ्या प्रत्येक खेळण्याचे सेल आधी काढायचे. रबर आणि बाहुल्या माळ्यावर पाठवायच्याच नाहीत, त्यांना दिवाणाच्या पेटीत खालची थंड जागा. माळ्यावर लाकूड, पत्रा, कापड चालतं. कापडी भालू-ससे मात्र उन्हाचे लाडके. उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून धुवायचे आणि गच्चीवर टाकायचे. आमच्याकडे बिबड्या-कुरडया घालायचे दिवस असतात तेव्हाच मी हे उरकते. साडीवर बिबड्या, बाजूच्या दोरीला कानाला चिमटे लावून भालू, आणि कावळे हाकायला बसवलेली नातवंडं. दुपारी बाराच्या आत भालू आतून कोरडा. प्लास्टिक मात्र त्या उन्हात विसरू नये, रंग उडतो आणि मग ते कडकन तुटतं.

आमच्या लहानपणी खेळणी ठेवायचा प्रश्नच नव्हता, असं माझ्या वयाची माणसं मोठ्या अभिमानाने सांगतात. खरं आहे. ज्वारीच्या ताटांची बैलगाडी करायचो, ती संध्याकाळी बकरी खायची. पोळ्याला काळ्या मातीचे बैल करायचो, पूजेनंतर ते अंगणात फिरायचे, पावसात त्यांची शिंगं विरघळायची आणि बैल परत माती व्हायचे. मला हे आठवायला आवडतं. पण त्याच अंगणात माझ्या भावाच्या हातात विटी-दांडू असायचा आणि माझ्या कडेवर धाकटी बहीण. तेव्हा 'आमच्या वेळी' हे प्रकरण मी जपूनच वापरते.

टाकून देण्याचा प्रश्न आमच्याकडे वेगळाच आहे. आमचे हे एसटीतून निवृत्त झालेले. त्यांच्या हातून चाक, स्प्रिंग, स्क्रू काही सुटत नाही. मी भंगारवाल्यासाठी ढीग केला की त्यातून एक-एक उचलत म्हणतात, "ऱ्हाऊ दे व, कामले ई." बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा नुसत्या चाकांनी भरला आहे. त्यातली काही खरंच कामाला आली, हे मला मान्य करावं लागतं. रिकाम्या काडेपेट्यांना चाकं लावून त्यांनी नातवाला मालगाडी करून दिली आणि आठवडाभर घरात दुसरं काही चाललं नाही.

चांगलं पण नको झालेलं खेळणं आम्ही गल्लीतल्या अंगणवाडीत देतो. धुऊन, सगळे तुकडे मोजून, सेल घालून. तीन तुकडे कमी असलेलं कोडं दान करू नये. ते पोरांना कधीच पूर्ण करता येत नाही. आणि नातीला विचारल्याशिवाय तिचं काही द्यायचं नाही, हा तिने घातलेला नियम आहे. तिकिटांच्या प्रकरणानंतर तो सगळ्यांनी निमूट मान्य केला. देताना मी मदतनीसबाईंना एकच सांगते, बाई, हे रजिस्टरात चढवू नका. त्या हसतात. चढवतात की नाही ते मी विचारत नाही.

सूनबाईचं आणि माझं एका गोष्टीवर अजून जमलेलं नाही. हॉलमध्ये क्रेट नको, बाहेरचं माणूस आलं तर काय म्हणेल, असं तिचं म्हणणं. मी म्हणते, घरात मूल आहे असं म्हणेल. शेवटी आमचा तह झालाय. क्रेट हॉलमध्येच, पण दिवाणाच्या आडोशाला, वर तिने शिवलेला पडदा. पाहुण्यांची चाहूल लागली की पडदा खाली. नातवाला पडद्याचं वेगळंच अप्रूप. तो आत शिरून बसतो आणि पाहुण्यांचा चहा होत आला की मगर घेऊन बाहेर येतो.

आता आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया, आली आहे. लेक माहेरी येईल, तिची दोन पोरं येतील, त्यांची खेळणी येतील आणि महिनाभर घरात चार जणांत मिळून एकच सायकल 'माझी' असेल. मी दोन रिकामे क्रेट बाजारातून आणून धुऊन ठेवलेत, पाहुण्या पोरांच्या नावाचे. काल लेकीचा फोन होता. म्हणाली, "आई, यंदा किचन सेट आणतेय, ओव्हन-फ्रिजसकट, मोठा आहे गं, मावेल ना?" ह्यांनी पलीकडून विचारलं, त्याला चाकं आहेत का.